पोत्याचे चार कान

१

शनिवारी सकाळी अकरा वाजता, चाळीस माणसांच्या देखत पोतं उसवलं आणि आतून रद्दी निघाली.

मी सत्यभामा. दाणाबाजारात सव्वीस वर्षं पोती शिवली. दाभण धरून बोटांना घट्टे पडलेत आणि जिभेला धार आलीय, असं आमच्या बिल्डिंगमधले म्हणतात. म्हणोत बापडे. बिल्डिंग म्हणजे कोपरखैरण्याची ‘पाठबळ निवास’. एपीएमसी मार्केटात ओझी वाहणाऱ्यांसाठी एका विश्वस्त मंडळाने बांधलेली, सात मजली, सगळी भाड्याची. दर महिन्याला बिल येतं, त्यात दोन ओळी असतात. पहिली भाडं, ते डोक्यावरच्या छपराचं. दुसरी सेवा शुल्क, ते लिफ्ट, पंप, झाडलोट, टाकी धुणं यांचं. भाडं मी आजवर एक महिना चुकवलं नाही. सेवा शुल्क मात्र दहा महिने झाले, एक पैसा दिलेला नाही.

का, तेही सांगते. गेल्या ऑक्टोबरात माझ्या नवऱ्याच्या, कृष्णातच्या छातीत कळ आली. आम्ही सातव्या मजल्यावर. लिफ्ट त्याच्या आधीच सहा महिने बंद. चार गड्यांनी त्याला खुर्चीत बसवून खाली न्यायला घेतलं, आणि तिसऱ्या मजल्याच्या खाली, खालून सातव्या पायरीवर खुर्ची भिंतीला अडकली. ती सुटेपर्यंत तो गेला. जन्मभर दुसऱ्यांची ओझी उतरवली त्याने, आणि त्याला उतरवायला कोणाला जमलं नाही. तेराव्याच्या दिवशी दाराखालून बिल आलं. त्यात लिहिलं होतं, लिफ्ट देखभाल. मी ते बिल तसंच देवाजवळ ठेवलं आणि शपथ घेतली, की हे पैसे ज्याने खाल्ले त्याला मी त्याच पायरीवर उभा करीन. देवानंही ऐकलं असेल, नसेल, मला पर्वा नव्हती.

लिफ्ट आजही बंदच आहे. मॅनेजर दिपेश म्हणतो, ‘सेवा शुल्क भरा, नाहीतर खोली खाली करा.’ मी म्हटलं, सेवा नाही तर शुल्क कसलं? लिफ्टवर खर्च केल्याची वाउचरं दाखव. त्यावर विश्वस्तांनी सोमवारची सुनावणी ठेवली. नियम साधा होता. कागदांत खोट निघाली तर बाकी माफ. आणि कागद नसलेच, तर ऑफिसचं बिल खरं धरायचं आणि माझ्या खोलीला कुलूप.

आता हे कागद ठेवायची आमची रीत बाजारातली आहे. एकतीस मार्चला वर्षाची सगळी वाउचरं सगळ्यांसमोर पोत्यात घालायची आणि तोंड शिवायचं. कुलपाला दुसरी किल्ली करता येते, पण टाक्याला दुसरा हात लागला की कळतं. यंदा पोतं मीच शिवलं होतं. नवं कोरं पोतं, गिरणीतून आलेलं, बुडाला मशीनची शिलाई. तोंड दोनदा दुमडून घेतलं, दोन्ही टोकांना धरायला कान काढले आणि शेवटी सुतळी सुटू नये म्हणून दोन उलटे टाके घातले. ते दोन उलटे टाके म्हणजे माझी सही.

सुनावणीसाठी कागद काढायचे म्हणून शनिवारी लिफ्ट-पंप बघणारा इसाकभाई आणि वॉचमन, दोघांनी चारी कान धरून पोतं ऑफिसातून अंगणात आणलं. मी टाका बघितला. माझाच होता, हात न लागलेला. सगळ्यांसमोर मीच तो कापला. आतून ऑफिसच्या जुन्या कोऱ्या फॉर्मांचे गठ्ठे पडले. वाउचर एकही नाही.

दिपेश हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, “टाका तुमचाच ना, वहिनी? मग उसवून परत शिवणारा हातही तुमचाच. कागद खरे निघाले असते तर बाकी भरावी लागली असती. म्हणून ते गायब करायचे आणि आळ आमच्यावर, नाही का?”

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. त्यातल्या निम्म्यांना ते पटलं होतं.

२

शेजारणीने मला हाताला धरून तिच्या घरी नेलं नसतं तर मी तिथंच दिपेशच्या गळ्याला हात घातला असता. शेजारीण म्हणजे प्रेमला. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, माझ्याच गावाकडची, कराडच्या पलीकडची. बाजारात तिला दाभण धरायला मी शिकवलं. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, आणि तेव्हापासून खोली तिच्या नावावर व्हायची अडली होती. इथं कामगार मेला की खोली मंडळाकडे परत जाते, विधवेच्या नावाचं पत्र मिळालं तरच ती राहते. माझंही पत्र दिपेशच्या ड्रॉवरमध्येच पडलंय.

प्रेमलाने मला गोणपाटाच्या नव्या जाड बैठकीवर बसवलं. बैठक बुडाखाली करकरली. देव्हाऱ्याशेजारी तिच्या नावाचं पत्र प्लास्टिकमध्ये घालून लावलं होतं, जुलैच्या तारखेचं. मिळालं एकदाचं, म्हणाली. मला बरं वाटलं. चहा घेतला आणि डोकं जरा थंड झालं.

डोकं थंड झालं की माझा राग कामाला लागतो. पोतं ऑफिसातल्या कपाटात होतं. ऑफिसात जाणारी माणसं तीन. दिपेश, हिशेब लिहिणारी जागृती आणि इसाकभाई, कारण पंपाचं बटण ऑफिसात आहे आणि त्याच्याकडे ऑफिसची किल्ली असते. दिपेशला सुईत दोरा ओवता येत नाही. म्हणजे चोरी त्याची असली, तरी हात दुसऱ्या कोणाचा तरी होता.

मी उठून पहिल्यांदा इसाकभाईकडे गेले.

इसाकभाई उरणकडचा, बंदराच्या गोदामांनी गाव गिळायच्या आधीचा. पंपाच्या खोलीत डबा उघडून बसला होता. माझ्याशी नजर मिळवेना. मी विचारलं, किल्ली कोणाला दिली होतीस? त्याने मान हलवली, कोणालाच नाही. मग अचानक डबा बाजूला ठेवून बोलला.

“वहिनी, तवाच सांगायला पायजे होतं मी. लिफ्टच्या वाउचरवर माझ्या नावाची सही हाय. ती माझी न्हाय. लिफ्ट बंद असताना मी कसली सही करनार? जागृतीने मार्चात दाखवलं मला. दिपेश म्हनाला, तोंड उघडलंस तर पंपाचं कामही जाईल.”

पाच महिने गप्प राहिला हा माणूस. कृष्णातची खुर्ची धरणाऱ्या चौघांतला एक तोच होता. मला त्याचाही राग आला, आणि तो मी लपवला नाही. पण कागद गायब होण्यात त्याचा फायदा नव्हता. उलट खोटी सही उघडी पडली असती तर तोच सुटला असता. तरीही मी त्याच्या पुढ्यात फाटकं पोतं आणि दाभण टाकलं. म्हटलं, शिव.

त्याने शिवलं. त्याच्या बापजाद्यांनी जाळी विणली होती, आणि हात ते विसरला नव्हता. प्रत्येक टाक्याला गाठ मारत गेला. दाण्याचं पोतं असं शिवलं तर उसवायला दिवस जाईल.

“हा हात नाही,” मी म्हटलं.

“मग कोनाचा?” तो म्हणाला.

ते मलाही कळेना, कारण पोत्याच्या तोंडाला दुसरा हात लागलेलाच नव्हता.

३

जागृती रविवारी सुट्टीवर असते. वाशीला तिच्या घरी गेले. पोरगी घाबरट, पण खोटं बोलायला लागली की कानाच्या पाळ्या लाल होतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून तिच्या कानांकडे बघत विचारलं.

सह्या खोट्या आहेत हे तिला माहीत होतं का? होतं. वाउचरं पोत्यात खरंच गेली होती का? गेली होती, तिनेच मोजून घातली, बाकीच्या गठ्ठ्यांबरोबर लिफ्टची बारा महिन्यांची बारा. पोतं कपाटाबाहेर कधी गेलं होतं? इथं ती अडखळली. मग म्हणाली, जुलैत. वाळवीचं औषध मारायचं म्हणून दिपेशने दोन दिवस पोतं खालच्या स्टोअररूममध्ये नेऊन ठेवलं होतं. तिथंच ते कोरे फॉर्म पडून असतात.

“स्टोअरची किल्ली कोणाकडे असते?”

“झाडलोटीचं सामान तिथंच असतं ना काकी. जून संपता संपता जिन्याचं काम सरांनी नव्या बाईंना दिलं. त्यांच्याकडे.”

“कोण नवी बाई?”

जागृतीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेड पांघरतेय. कान पांढरेफटक होते. “तुमच्या शेजारच्या. प्रेमलाताई.”

मी तिला वेड्यात काढलं. प्रेमला? कृष्णातला शेवटचं पाणी तिने पाजलं होतं. शिवाय तोंडाचा टाका माझा होता, हात न लागलेला. डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं म्हणू? तरी बसमध्ये बसल्यावर एक गोष्ट टोचत राहिली. जिना दुपारी झाडतात, तेव्हा मी बाजारात असते, म्हणून मला दिसलं नसेल; पण झाडलोटीचं काम मिळाल्याचं ती मला का बोलली नव्हती? माझी पाठ दुखली तरी मी तिला सांगते.

४

घरी आले. उद्या कुलूप लागलं तर सामान भरायला हवं, म्हणून मी माळ्यावरून एक नवं कोरं पोतं काढलं. भांडी भरली, तोंड दुमडून दोन टाके मारले आणि उचलायला गेले. वरून दोन कान हातात आले. खालच्या टोकाला हात घातला तर धरायला काहीच नाही. गिरणीची शिलाई सपाट असते. भांड्यांसकट पोतं पायावर आलं.

अंगठा ठेचला. आणि त्या कळेबरोबर लख्ख आठवलं. काल दोघांनी पोतं आणलं होतं, चारी कान धरून.

नव्या पोत्याला दोनच कान असतात, शिवणाऱ्याने तोंडाला काढलेले. बुडाला कान आले कुठून?

लंगडत सात मजले उतरले. पोतं अंगणात तसंच पडलं होतं, कोणाला आता त्याचं काय. उलटं केलं. आम्ही सगळे वेड्यासारखे तोंडच बघत बसलो होतो. बुडाची मशीनची शिलाई गेली होती. तिथं हाताचा टाका होता, दोनदा दुमडलेला, नीटनेटका, दोन टोकांना दोन कान. बिचारीने किती जपून काम केलं होतं. नुसतं सरळ शिवून टाकलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण ज्या हाताने वर्षानुवर्षं दाण्याची पोती शिवली, तो हात कान काढल्याशिवाय थांबत नाही. पोतं शिवायचं म्हणजे कोणीतरी ते उचलणार, एवढंच त्याला ठाऊक.

आणि शेवटी दोन उलटे टाके. सगळ्या बाजारात ते दोनच बायका घालतात. एक मी. दुसरीला मी शिकवलं.

मी तिथंच अंगणात बसले आणि रडले. दुःखाने नाही, संतापाने.

५

प्रेमलाने दार उघडलं. माझ्या हातात पोत्याचं बूड होतं, कापून आणलेलं. तिने ते बघितलं आणि काही न विचारता आत जाऊन भिंतीला टेकून बसली.

तिने सगळं सांगितलं. दिपेश म्हणाला होता, एवढं एक पोतं बुडाकडून उघडून दे, खोली तुझ्या नावावर करतो, वर जिन्याचं कामही देतो. तीन वर्षं ती त्याच्या टेबलासमोर उभी राहत होती. मुलीचं लग्न ठरत नव्हतं, कारण खोली आज आहे उद्या नाही. तिने दिलं उघडून. पत्र दुसऱ्याच दिवशी मिळालं.

“माझ्या खोलीला कुलूप लागणार होतं, प्रेमे. ते माहीत होतं तुला?”

“माहीत होतं.”

खोटं बोलली नाही, एवढं खरं. मी विचारलं, कागद कुठं आहेत? म्हणाली, दिपेशने जाळायला सांगितले होते. मी विचारलं, जाळलेस का? तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मी तिला ओळखते. ही बाई सुतळीचा वीतभर तुकडाही टाकत नाही, गुंडाळून ठेवते. आणि दिपेशसारख्या माणसावर विसंबून हातातला पुरावा जाळण्याइतकी ती भोळी नव्हती. उद्या तो उलटला तर तिच्याकडे काहीतरी असायला हवं होतं.

मी खाली बसले. बैठक करकरली.

गोणपाट असं करकरत नाही. कागद करकरतो.

प्रेमलाने डोळे मिटून घेतले. मी बैठकीवरून हात फिरवला. चारी बाजूंनी शिवलेली, चार कान, दोन उलटे टाके. काल याच्यावरच बसून मी तिचा चहा प्यायले होते. ती हात जोडून म्हणाली, गुपचूप ने वहिनी, सापडले म्हणून सांग, माझं नाव घेऊ नकोस, पत्र रद्द होईल.

मला उत्तर द्यायला वेळ लागला नाही.

“मी नाही उसवणार. तू शिवलंस, तूच उसवायचं. उद्या, मी सांगेन तिथं, सगळ्यांसमोर. नाही आलीस तर हे बूड घेऊन मी एकटी बोलेन, आणि मग मी कोणालाही सोडणार नाही.”

६

सोमवारी विश्वस्त सुभाषराव आले. जुने मुकादम, सत्तरी पार, गुडघे गेलेले. दिपेशने ऑफिसात खुर्च्या मांडल्या होत्या. मी म्हटलं, कुलूप माझ्या खोलीला लागणार, तर सुनावणी माझ्या खोलीत व्हावी, एवढी शेवटची इच्छा. सुभाषराव म्हणाले, बरं, लिफ्टने जाऊ. दिपेशने लेखी उत्तरात ‘लिफ्ट चालू आहे’ असंच लिहिलं होतं ना! तो म्हणाला, आजच जरा बिघडलीय.

“आजच,” मी म्हटलं. “बरं. चढू या मग.”

पहिला मजला झाला, दुसरा झाला. सुभाषरावांनी कठडा धरला. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांचा शर्ट भिजला आणि ते धपकन बसले. बसले ते गोणपाटाच्या बैठकीशेजारी, कारण मी सांगितल्याप्रमाणे प्रेमला ती घेऊन तिथं बसली होती. इसाकभाई होता, जागृती होती, मजल्यामजल्यावरची माणसं कठड्याला होती. दिपेशने बैठक बघितली. तिच्यात काय आहे हे त्याला माहीत नव्हतं, पण प्रेमलाचा चेहरा बघून त्याचा चेहरा उतरला.

मी सुभाषरावांना बूड दाखवलं. त्यांनी चाळीस वर्षं पोती उचलली होती, त्यांना समजवायला लागलं नाही. गिरणीच्या पोत्याच्या बुडाला कान बघितले आणि म्हणाले, “हे शिवलंय कोणी?”

मी प्रेमलाकडे बघत राहिले. ती उठली. टाका तिने एका ओढीत उसवला, चांगला शिवणारा उसवतो तसा. आतून वर्षाचे गठ्ठे निघाले, आणि त्यांत लिफ्टची बारा वाउचरं. तिने सगळं सांगितलं, पत्राचंही सांगितलं, खाली बघत. इसाकभाईने पुढे होऊन सही बघितली आणि मोठ्याने म्हणाला, ही माझी न्हाय. जागृतीने मान हलवली. दिपेश बोलायला लागला, की या बायकांनी मिळून हे रचलंय, वगैरे. सुभाषरावांनी हात वर केला आणि तो थांबला.

एवढ्यावर काम झालं होतं. माझी खोली वाचली होती. पण मी शपथ खोलीची घेतली नव्हती.

मी सुभाषरावांना म्हटलं, वाचून दाखवू द्या यालाच. मग बारा कागद दिपेशच्या हातात दिले आणि त्याला जिना उतरायला लावला, खालच्या पहिल्या पायरीपर्यंत. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे बाराच पायऱ्या आहेत. म्हटलं, एक महिना, एक पायरी. वाच आणि चढ.

तो सुभाषरावांकडे बघायला लागला. म्हातारा म्हणाला, “वाच.”

एप्रिल. लिफ्ट देखभाल, लिफ्ट सुस्थितीत. मे. लिफ्ट देखभाल, लिफ्ट सुस्थितीत. प्रत्येक महिन्याला आवाज खाली जायचा आणि प्रत्येक महिन्याला मी म्हणायची, मोठ्यानं. सातव्या पायरीला तो थांबला. तिथं भिंतीवर खुर्चीच्या दांड्याचा लांब ओरखडा आहे. मी तो आजवर पुसू दिलेला नाही, दोनदा रंगाऱ्याला हाकलून दिलंय. त्याला तो दिसला. त्याच्या हातातला सातवा कागद ऑक्टोबरचा होता.

“वाच.”

तो वाचेना.

“वाच, दिपेश. तारीखही वाच.”

तारीख कृष्णात गेला त्याच दिवसाची होती. लिफ्ट देखभाल, लिफ्ट सुस्थितीत. त्याने वाचलं. कठड्याजवळ इसाकभाईने तोंड फिरवलं. दिपेश आठव्या पायरीवर पाय ठेवायला गेला. मी म्हटलं, राहू दे, पुढचं पोलीस वाचून घेतील. तू इथंच थांब. सुभाषरावांनी पोलिसांना फोन लावला, आणि ते येईपर्यंत, तासभर, तो तिथंच उभा राहिला. मी वरच्या पायरीवर बसून त्याच्याकडे बघत होते. समाधान झालं का, असं मला नंतर कोणीतरी विचारलं. झालं. खोटं कशाला बोलू?

लिफ्ट तीन आठवड्यांत चालू झाली. माझ्या नावाचं पत्र आलं. पुढच्या बिलात सेवा शुल्काची ओळ होती, ती मी त्याच दिवशी भरली, कारण आता ती सेवेची होती. प्रेमलाचं पत्र मंडळाने फेरतपासणीला घेतलं. सुभाषरावांनी मला विचारलं, तिच्या बाजूने दोन शब्द लिहून देता का? मी दिले नाहीत. तिच्या विरुद्धही दिले नाहीत. शेवटी तिची खोली राहिली, जिन्याचं काम गेलं.

परवा ती दारात आली. आत नाही आली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“वहिनी, अजून राग आहे?”

“आहे,” मी म्हटलं.

ती मान खाली घालून वळली. चार पावलं गेली असेल, मग मी तिला हाक मारून सांगितलं, की उद्या सकाळी टाकी धुणार आहेत, आजच पाणी भरून ठेव.